उलाळ गाडी आणि "काही होत नाही"

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, 'उलाळ'. बैलगाडीत माल मागच्या अंगाला जास्त भरला की पुढची धुरी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि जोत्यांनी त्यांचे गळे आवळले जातात. अशा वेळी गाडी उलाळ झाली असे म्हणत. उलट, माल पुढे जास्त झाला तर गाडी मानेवर जड होते आणि बैलांना खांदे येतात. शहाणा गाडीवान गोणी भरताना मधूनमधून धुरी हाताने उचलून बघायचा. हाताला थोडे वजन लागले पाहिजे, पण फार लागता कामा नये. हे सगळे ज्ञान ज्या भाषेने एका शब्दात साठवून ठेवले, त्याच भाषेच्या मुलखात आज मोटारीच्या मागे ट्रेलर जोडताना "काही होत नाही हो, ओढतेय ना गाडी?" एवढ्यावर काम भागते. मला याचा राग येतो, आणि आजचा लेख त्या रागातूनच लिहितो आहे.

पनवेलकरांना तरी हे कळायला हवे. पूर्वी मुंबईहून गलबतांतून आलेला माल पनवेलच्या बंदरात उतरे आणि इथून घाटावर जाई. १८३० साली बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता झाला. त्याआधी हा माल बैलांच्या पाठीवरून जायचा. रस्ता झाल्यावर पनवेल हे गाड्यांचे गाव बनले. इथली चाके इतकी नावाजलेली होती की देशावरचा गाडीवान पनवेलला आला तर चाकांची जोडी घेतल्याशिवाय सहसा परतत नसे, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आज त्याच पनवेलच्या अंगावरून, कळंबोलीच्या बाजूने, न्हावाशेवा बंदराचे कंटेनर रात्रंदिवस जात असतात. म्हणजे चाकावरचे ओझे पाहण्यात आमच्या गावाच्या पाच-सहा पिढ्या गेल्या. तरीही ओझे ठेवायचे कुठे, हा प्रश्न विचारला की लोक तोंडाकडे बघतात.

आता मूळ प्रकरण सांगतो. माझा एक माजी विद्यार्थी आहे. वय चाळिशीचे, नोकरी बरी, आणि बायकामुलांना घेऊन कोकणात हिंडायची हौस दांडगी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून चाकावरच्या घराने त्याच्या डोक्यात घर केले होते. शेवटी त्याने एक ट्रेलर घेतला. आत झोपायच्या दोन फळ्या, छोटी शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी. सामानासकट वजन १२०० किलो. एका वर्कशॉपमध्ये त्याच्या मोठ्या गाडीला मागे हूक आणि गोळा बसवून दिला. ट्रेलर जोडल्याबरोबर गाडीचे बूड खाली बसले आणि नाक वर झाले. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्या माणसाच्या थेट डोळ्यांत. पोरगा मात्र खुशीत होता. मला म्हणाला, "सर, स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं झालंय!"

मी म्हटले, "अरे, हलके झाले म्हणजे पुढची चाके जमीन सोडायला निघाली. यात खूश होण्यासारखे काय आहे?"

त्याच्याबरोबर मी त्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितले, "काका, काही होत नाही. इंजिन दणकट आहे."

वाचकहो, मी बी.ए.चा माणूस, तोही मराठी घेऊन. इंजिनियर नाही. पण तरफेचा नियम समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही, तो शाळेच्या पुस्तकात आहे. फक्त आम्ही तो कात्री आणि अडकित्त्याची चित्रे काढून शिकवतो आणि मुले तो दोन मार्कांपुरता लिहितात. मागचे चाक म्हणजे टेकू. गोळा त्या टेकूच्या मागे. गोळ्यावर वजन पडले की मागची बाजू खाली जाणार आणि पुढची वर येणार. लहान मुले सी-सॉवर हेच करतात.

आकडेच मांडू. ट्रेलरच्या दांडीचे गोळ्यावर पडणारे वजन १५० किलो. गोळा मागच्या आसापासून १०८ सेंटिमीटर मागे. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर २७० सेंटिमीटर. १५० गुणिले १०८ भागिले २७०, उत्तर ६०. म्हणजे पुढच्या चाकांवरचे ६० किलो वजन उचलले गेले. ते गेले कुठे? मागच्या चाकांवर. तिथे आता १५० नव्हे, २१० किलो वाढले. पुढची चाके गाडी वळवतात आणि ब्रेक मारल्यावर थांबवण्याचे मोठे काम तीच करतात. त्यांच्यावरचे वजन काढून घ्यायचे आणि वर बोरघाट उतरायचा, हा काय प्रकार आहे?

कोणी म्हणेल, कंटेनरचे ट्रेलर मग कसे चालतात? त्यांचा सांधा गाडीच्या पाठीवर असतो, मागच्या आसाच्या किंचित पुढे. त्यामुळे ओझ्याचा काही भाग पुढच्या चाकांवरही येतो, उचलला जात नाही. मोटारीचा गोळा मात्र शेपटाला असतो. सगळा फरक या जागेचा आहे, आणि जागा बदलता येत नाही म्हणूनच वजन वाटणारी जोडणी निघाली. अमेरिकेत तिला वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणतात.

ती काम कशी करते, ते साध्या शब्दांत सांगतो. बांधकामावरची एकचाकी हातगाडी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही मुठी धरून उचलल्या की भार पुढे चाकावर जातो. या जोडणीत गोळ्याच्या खालच्या बाजूला स्प्रिंगच्या दोन दणकट दांड्या अडकवतात, त्या ट्रेलरच्या दांडीखाली मागे नेतात आणि त्यांची टोके साखळीने किंवा कंसाने ताणून वर धरतात. जणू मोटारीच्या शेपटाला दोन मुठी आल्या आणि कोणीतरी त्या उचलून धरल्या. त्या ताणाने मागच्या आसावरचा भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे जातो. एकूण वजन एक किलोनेही कमी होत नाही. ते फक्त वाटले जाते.

आता त्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर इतरत्र ऐकलेले युक्तिवाद घेतो.

पहिला, "इंजिनात ताकद आहे." असेल. ताकद ओढायला लागते. वळायला आणि थांबायला पकड लागते, आणि पकड चाकावरच्या वजनातून येते. पळणाऱ्या बैलाचे कौतुक सगळे करतात, पण उतारावर गाडी थोपवून धरणारा बैल खरा, हे आमच्या आजोबांना माहीत होते.

दुसरा, "मागच्या स्प्रिंगा जाड करू, नाहीतर हवेचे फुगे बसवू, गाडी सरळ दिसेल." दिसेल, पण पुढच्या चाकांवरचे ६० किलो परत येणार नाहीत. प्रगतिपुस्तकावर खाडाखोड करून गुण वाढवले म्हणून मुलाला गणित येत नाही. गाडी पातळीत दिसणे ही वजन वाटले गेल्याची एक खूण आहे. ती खूण दुसऱ्या मार्गाने तयार करायची आणि समाधान मानायचे, याला मी फसवणूक म्हणतो.

तिसरा, "सामान ट्रेलरमध्ये मागे सरकवा, म्हणजे गोळ्यावर वजनच येणार नाही." हा सर्वांत घातक. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी सर्वसाधारण नियम असा की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर हवे. ते कमी झाले की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. उतारावर वेग वाढला की झोका वाढतो, आणि एका मर्यादेनंतर शेपूटच गाडीला फिरवते. म्हणजे बैलगाडीसारखेच. पुढे जड केले तर मान जाते, मागे जड केले तर गाडी उलाळ होते. मधला मार्ग वजन करूनच सापडतो.

चौथा, "मग सर्वांत मोठी जोडणी घेऊन टाकू." घ्या आणि पस्तावा. दांड्या गरजेपेक्षा ताठ असल्या की खड्ड्याखड्ड्याला हादरा चासीला आणि ट्रेलरच्या दांडीला बसतो. मुख्य म्हणजे जोडणी मोठी घेतल्याने मोटारीची क्षमता वाढत नाही. गाडी, हूक, गोळा, टायर, ट्रेलर, यांतल्या सर्वांत कमकुवत वस्तूची मर्यादा तीच सगळ्यांची मर्यादा.

न्यायाने एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रत्येक ट्रेलरला ही जोडणी लागत नाही. चार-पाचशे किलोचा लहान ट्रेलर असेल आणि गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेत बसत असेल तर साधा गोळा पुरतो. युरोपात तर ही जोडणी फारशी वापरतच नाहीत. पण तिथे दांडीवरचे वजनच कमी धरतात, प्रत्येक गाडीला त्याची मर्यादा किलोत लिहिलेली असते आणि ट्रेलर ओढताना अनेक देशांत वेगाला कमी मर्यादा असते. आपण जोडणी युरोपची घेणार, वजन अमेरिकेचे घालणार आणि वेग स्वतःच्या मर्जीचा ठेवणार, हे चालणार नाही.

मी त्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट करायला लावली. आमच्या कळंबोलीकडे ट्रकांच्या वजनकाट्यांना तोटा नाही. तिथे गाडी नेली, सहलीला निघावे तशी भरून, माणसांसकट. नुसती मोटार चढवली तर पुढचा आस ९८० किलो आणि मागचा ९००. ट्रेलर जोडून चढवली तर पुढचा ९२०, मागचा १११०, ट्रेलरची चाके १०५०. गणितात आले होते तेच ६० किलो काट्याच्या पावतीवर छापून आले. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे त्याने गाडीच्या कंपनीचे पुस्तक नीट वाचून, अशी जोडणी त्या गाडीला चालते याची खात्री करून, ती बाहेरून मागवली. ती बसवून पुन्हा काट्यावर गेलो. पुढचा ९६०, मागचा १०५०, ट्रेलर १०७०. दोन्ही वेळची बेरीज करून पाहा, ३०८० किलोच येते. (जोडणीचे लोखंड वेगळे कुठून धरले असे कोणी विचारील. ते ट्रेलरमधले तेवढेच सामान घरी ठेवून भरून काढले होते.) मागून काढलेल्या ६० पैकी ४० पुढे गेले आणि २० ट्रेलरकडे. स्टिअरिंग पुन्हा थोडे जड झाले आणि झोत रस्त्यावर आला.

ज्यांना ही जोडणी घ्यायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. दांड्यांची निवड ट्रेलरच्या एकूण वजनावरून करू नका, दांडीवर प्रत्यक्ष पडणाऱ्या वजनावरून करा, आणि ते भरलेल्या ट्रेलरचे मोजा. मोटारीत मागच्या आसाच्या मागे ठेवलेले सामानही त्यात धरा. हूक चासीला बोल्टने बसला पाहिजे, बंपरला नव्हे. काही गाड्यांना कंपनी अशी जोडणी लावू देत नाही, तसे असेल तर लहान ट्रेलर घ्या, मेकॅनिकची समजूत घालत बसू नका. ट्रेलरला दाबाने लागणारे ब्रेक असतील तर जोडणी त्यांच्याशी जुळते का ते आधी विचारा.

बसवताना सपाट जागा हवी. पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीन वेळा मोजा : ट्रेलर नसताना, ट्रेलर जोडून दांड्या न ताणता, आणि दांड्या ताणल्यावर. दुसऱ्या मापाला नाक किती उचलले ते कळते, तिसऱ्या मापाला ते किती परत आले ते कळते. किती परत यावे हे कंपनीनुसार बदलते, पण पहिल्या मापापेक्षा खाली मात्र कधीही जाऊ देऊ नका. तसे झाले तर मागची चाके हलकी होतात, आणि तेही तितकेच वाईट. साखळीच्या किती कड्या सोडल्या ते लिहून ठेवा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळा. एवढे करायला एक दुपार लागते.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हा हौशी लोकांचा विषय, त्यासाठी इतका संताप कशाला? कारण हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. माझे मूळ गाव वाळवा तालुक्याच्या बाजूचे. तिथे गळीत हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे तोंड चढावर उचलले जाते. ते खाली राहावे म्हणून बॉनेटवर पोरे बसवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पुढच्या चाकांवर जे वजन हवे होते ते माणसांच्या देहाने भरून काढायचे! ६० किलोचा तो हिशेब इथे एका पोराच्या जिवाशी येऊन मिळतो.

आणि बैलगाडीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्याच तालुक्यातल्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये उसाच्या बैलगाडीला जूखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक जादा चाक बसवले. नाव ठेवले 'सारथी'. मानेवर येणारा भार त्या चाकावर जावा एवढाच हेतू. वजन तेच, फक्त त्याची जागा बदलली. म्हणजे तत्त्व वजन वाटणाऱ्या जोडणीचेच. फोनवर त्याची छायाचित्रे फिरली, लोकांनी वाहवा केली. त्यानंतर मी हंगामात गावी दोनदा जाऊन आलो, पण मला रस्त्यावर तसे चाक असलेली एकही गाडी दिसली नाही.

का दिसली नाही? कारण बऱ्याच ठिकाणी टायरगाडी कारखान्याची असते आणि बैल तोडकऱ्याचे. खेप जितकी मोठी तितके बरे, आणि मान कोणाची झिजते याचा हिशेब गाडीच्या मालकाला द्यावा लागत नाही. तोडकरी उचल घेऊन आलेला असतो, तो जादा चाकासाठी पैसे आणणार कुठून? जनावरांना ओढायला लावायच्या ओझ्याचे केंद्र सरकारचे नियम १९६५ पासून आहेत. जनावराचा आकार आणि गाडीची चाके पाहून किती किलो, ते त्यात दिलेले आहे. ते तरी कोण पाळतो? मग ओझे कुठे पडते ते कोण बघणार!

माझे म्हणणे एवढेच आहे. ओझे कुठे ठेवायचे हे ज्याच्या हातात असते, त्याच्या मानेवर ते सहसा पडत नाही. ते बैलावर पडते, बॉनेटवरच्या पोरावर पडते, समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यावर पडते, मागच्या सीटवर झोपलेल्या लेकरांवर पडते. यांतल्या कोणालाही विचारून हूक बसवलेला नसतो. म्हणून "काही होत नाही" हे वाक्य मला साधेभोळे वाटत नाही. त्याचा खरा अर्थ "मला काही होत नाही" असा आहे.

तेव्हा ट्रेलर विकणाऱ्याने भरल्यावर दांडीवर किती वजन येते ते ट्रेलरवर रंगवून द्यावे. हूक बसवणाऱ्याने गाडीचे पुस्तक आणि काट्याची पावती पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये. कारखान्यांनी गाडी आपली आहे तर मानेची जबाबदारीही आपली समजून ते एक चाक लावून द्यावे. आणि शाळेत तरफ शिकवताना अडकित्त्याबरोबर एक भरलेली बैलगाडीही फळ्यावर काढावी.

असो. या सुट्टीत कोणी ट्रेलर घेऊन निघणार असाल तर घाट लागण्याआधी एकदा काट्यावर थांबा. पुढच्या आसाचे वजन वेगळे घ्या आणि पावती जपून ठेवा. आकडा कमी आला तर सामान उतरवा, नाहीतर ट्रेलर घरी ठेवा. कोकण कुठे पळून जात नाही.